पोलादात बसवलेली तार

रोजीकाकींचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होते. "बाय, इनास गेला गं... चहा घेता घेता गेला," एवढंच त्या बोलल्या. त्याला आता काही आठवडे झाले.

रोजीकाकींचे यजमान इनासकाका मूळचे वसईचे. इथे कॅनडात, विंडसरच्या कारखान्यात आयुष्यभर टूलमेकर होते आणि रिटायर झाल्यावर मुलीजवळ राहायला रेजिनाला आले. बेसमेंटमध्ये बसून ते जुनं स्पॅनिश धातुकाम दुरुस्त करत. आपल्या बिदरीच्याच जातीचं हे काम. पोलादावर बारीक रेघा कोरायच्या, त्यांत सोन्याचांदीची तार ठोकून बसवायची आणि मग पोलाद काळं करायचं. एका हिवाळ्यात तशीच एक जुनी पेटी, स्पेनच्या तोलेदो शहरातली, दुरुस्त करून ते एका म्हाताऱ्या स्पॅनिश बाईंना द्यायला निघाले होते. त्या दूरच्या गावात राहत. गाडी मी चालवत होते.

अर्ध्या वाटेवर वारा सुटला आणि उडत्या बर्फात समोरचा रस्ताच पुसला गेला. गाडी घसरून खड्ड्यात गेली. हीटरसाठी इंजिन चालू ठेवणं भाग होतं, पण मागचा सायलेन्सर बर्फाने बुजला तर धूर आत येऊन आम्ही बसल्या जागी गेलो असतो. काकांनी पेटी माझ्या मांडीवर ठेवली. "हॉर्न दाबत राहा, बाय. थांबू नको," म्हणाले आणि सायलेन्सर मोकळा करायला उतरले. दार लागलं आणि ते दिसेनासेच झाले. गाडीला हात धरून चाललं तरी चार पावलांचं अंतर... पण ते येईनात. मी हॉर्न दाबत होते, ओरडत होते. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. रोजीकाकींना काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

शेवटी भलत्याच बाजूच्या काचेवर थाप पडली. काका आत कोसळले. वाऱ्याने त्यांना आडवं पाडलं होतं, उजव्या हाताचा ग्लोव्ह उडून गेला होता. "हॉर्न चहूकडून ऐकू येत होता गं," ते कुजबुजले. त्यांना घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं. पुढे बर्फ काढणाऱ्या ट्रकवाल्याने आम्हांला बाहेर काढलं.

पेटी बाईंना मिळाली, पण काकांच्या दोन बोटांची टोकं कायमची बधिर झाली. केसाएवढी तार बोटांना कळेना. हातोडी उचलून ते परत खाली ठेवायचे. "आता चुकलो तर तीनशे वर्षांचं काम बिघडेल," म्हणायचे. तरी सोडलं नाही. तार ओठाला लावून तिचं टोक शोधायचे, मग ठोकायचे.

परवा काकींबरोबर खाली बेसमेंटमध्ये गेले. टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात पकडलेली एक छोटी तबकडी तशीच आहे. सोन्याची तार अर्धी बसलेली, अर्धी हवेत उभी. घर गरम करणारा फर्नेस सुरू झाला की ती थरथरते.

"हात नको लावू," काकी म्हणाल्या. तार निसटेल या धास्तीने त्या हल्ली वरचं दारही दोन्ही हातांनी, हळूच लावतात.