ठासणीची बंदूक आणि चार बोटांचं अंतर

वडील गेल्यावर त्यांच्या वस्तूंची वाटणी आम्हा भावंडांत पाच मिनिटांत झाली. राहिली ती बंदूक. एकनळी, ठासणीची. रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून वडिलांना परवाना मिळालेला. कंधार तालुक्यातल्या आमच्या शेतात हरभरा भरात आला, की ते मचाणावर बसून हवेत एखादा बार काढायचे. डुकरं पळायची आणि गावातली कुत्रीही.

मोठा भाऊ म्हणाला, "सरकारजमा करून टाकू. कोण सांभाळतंय?"

"मी सांभाळतो," मी म्हणालो. का म्हणालो, तेव्हा सांगता आलं नसतं. मी लातूरला कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. बंदूक कधी हातातही धरली नव्हती. वडील धरूच द्यायचे नाहीत.

वारसाने परवाना माझ्या नावावर व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर ती ठाण्यात जमा होती. मिळाली त्या दिवशी मी लहान मुलासारखा हरखलो. लातूरच्या घरी आणून पुसली, पितळी पट्ट्यांना चिंच लावली. संध्याकाळी क्लासमधले दोन सहकारी बघायला आले. त्यांच्यासमोर मी घोडा ओढायचा, चाप दाबायचा, खट्ट आवाज काढायचा, असं दहा-बारा वेळा केलं. नळी समोरच्या भिंतीकडे. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं आणि बायको आमच्यासाठी भजी तळत होती.

वडिलांच्या ट्रंकेत एक डबी सापडली होती. त्यात तांब्याच्या बारीक टोप्या. घोड्याखाली ही टोपी बसवायची. घोडा आपटला की ती फुटते आणि आतल्या दारूला आग देते, एवढं मला माहीत होतं. आत दारू नसताना नुसती टोपी उडवली तर छान आवाज येईल, रविवारी गच्चीवर उडवून बघू, असं मी ठरवलंही होतं. पण इतक्या वेळा खटखट केल्यामुळे की काय, घोडा ढिला पडला. वर राहीना. म्हणून रविवारी गच्चीऐवजी मी कंधारला गेलो.

किल्ल्याच्या अंगाला एका बोळात बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचं दुकान होतं. तीन पिढ्यांचा धंदा, भिंतीवर परवाना फ्रेम करून लावलेला. वडील त्यांच्याकडेच जायचे. त्यांनी आधी परवाना बघितला, मग माझ्याकडे.

"मास्तरचे लेक तुम्ही? नाकावरून वळखलं. बसा, चाय सांगतो."

"चाचा, घोडा ढिला झालाय."

"घोडा नंतर. आधी नळी बघू द्या."

त्यांनी लोखंडी गज घेतला आणि नळीत सोडला. तो आत जाऊन टेकला तिथे नळीच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं. गज बाहेर काढला आणि तेवढंच माप नळीच्या बाहेरून लावून पाहिलं. गजाचं टोक नळीच्या बुडापर्यंत पोचायला हवं होतं. ते चार बोटं अलीकडेच थांबलं.

चाचांनी बंदूक हळूच वळवली, तोंड रिकाम्या मातीच्या भिंतीकडे केलं आणि चहावाल्या पोऱ्याला हातानेच दारात थांबवलं.

"सर, ही भरलेली हाय."

मला कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हंजे बार हाय आत. दारू, छर्रा, वर बोळा. तुमच्या वालिदनी भरली आन् उडवायची राहून गेली. टोपी बसवली नव्हती ना तुम्ही?"

मी नकारार्थी मान हलवली. भजी तळणारी बायको, खुर्च्यांवरचे दोघे मित्र, गच्ची, शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या काकू, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. शोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण मी किती बॅचेसना फळ्यावर शिकवलं असेल! ते मिश्रण कोरडं राहिलं तर वर्षानुवर्षं जिवंत राहतं, हेही सांगितलं असेल. आणि माझ्याच मांडीवर ते होतं.

"घाबरू नका," चाचा म्हणाले. "बंदूक कधीच रिकामी नसते, असं समजून धरायची. एवढंच शिका, बाकी मी हाय."

त्यांनी नळीत पाणी ओतलं आणि ती तशीच उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. गजाच्या टोकाला पिळाचा काटा लावून त्यांनी हळूहळू आतला बोळा ओढून काढला. मागोमाग छर्रे आणि काळा चिखल बाहेर आला. बोळा उलगडून त्यांनी माझ्या हातात दिला. हिरव्या लुगड्याचा तुकडा होता, काठासकट.

गावी जाऊन तो आईला दाखवला. आई दोन क्षण बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "बघ! मी म्हणून राहिले होते, उंदरानं खाल्लं न्हाई. त्याईनंच फाडलं. शपथ घेऊन न्हाई म्हणले मला!" वडील गेल्यापासून ती पहिल्यांदा इतकी मोकळी हसली. हसता हसता रडली, पण आधी हसली.

पुढची दोन वर्षं मी महिन्यातून एक रविवार चाचांच्या दुकानात काढला. घोडा त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठीक केला होता. मी जायचो ते शिकायला. नळी गरम पाण्याने कशी धुवायची, लाकडी दस्त्याला जवसाचं तेल किती लावायचं, गज ठासताना तोंड नळीवर का आणायचं नाही. परवान्यावर एकच बंदूक, तेव्हा संग्रह केला तो आजूबाजूच्या वस्तूंचा. माहूरच्या बाजारात दारू ठेवायचं शिंग मिळालं, देगलूरकडच्या एका घरातून छर्रे मोजायचं पितळी माप. अशा वस्तू ओळखायची नजर चाचांनीच दिलेली.

हरभरा निघाल्यावर एका सकाळी आमच्या शेतात मी पहिला बार काढला. चाचा सोबत होते, आई बांधावर. मातीच्या भरावापुढे दगडावर मडकं ठेवलं. धुराचा पांढरा ढग निघाला, खांद्याला दणका बसला. धूर विरला, तर मडकं जसंच्या तसं.

"लई भारी," आई म्हणाली. "मडकं वाचलं."

चौथ्या बाराला फुटलं. चाचांनी माझी पाठ थोपटली तेव्हा मला वाटलं, वडील असते तर त्यांनीही थोपटली असती, आणि मग लगेच वाटलं, त्यांनी हात लावूच दिला नसता. दोन्ही खरं असणार.

आता चाचांच्या डोळ्यांना दिसत नाही. दुकान बंद आहे. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. गेल्या खेपेला मी माझी जमा करायला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांना गजाची युक्ती दाखवली. ते म्हणाले, "मग बसाच तुम्ही इथं." दिवसभर बसलो. शेतकरी रांगेने आपापल्या बंदुका घेऊन येत होते, मी माप लावत होतो. बहुतेक रिकाम्या निघाल्या. एका बाईने नवऱ्याची आणली होती. तो दोन वर्षांपूर्वी वारला होता. गज चार बोटं अलीकडे थांबला. मी तिला बाजूला बसवलं, पाणी मागवलं आणि ते नळीत ओतलं.

संध्याकाळी चाचांना फोन केला.

"कित्ती निघाल्या?" त्यांनी विचारलं.

"एक."

"एक लई हाय," ते म्हणाले.