डोंग्याला पाणी पाजलं

देवीदास मारबते रिटायर झाला तेव्हाच थकलेला होता. भिलाई-३ च्या रेल्वे यार्डात वॅगनी दुरुस्त करता करता उमर गेली, खांदा गेला, कंबर तर त्याआधीच गेली होती. अशा माणसानं कुरुदच्या घरात पंख्याखाली पडून राहावं, नातवंडांचे फोन घ्यावे, दुसरं काय? पण नाही. यानं पोर्चमध्ये प्लायवूडचा डोंगा, म्हणजे लहानशी होडी, बांधायला घेतला. हौस म्हणावी तर तीही नव्हती. हौशी माणसाच्या तोंडावर काहीतरी तजेला असतो; याचं तोंड बघून वाटावं, कुणीतरी जबरीनं ओव्हरटाइमला बसवलंय.

बसवलं होतंच. बायकोनं.

हिराचं माहेर वैनगंगेच्या काठचं. बाप ढिवर, नदीवर डोंगा चालवायचा. पुढं धरण झालं, पाणी चढलं, गाव खाली गेलं. माणसं नव्या वसाहतीत गेली आणि बाप तिथल्याच सिमेंटच्या खोलीत वारला. तेव्हापासून हिरा बोलेनाशी झाली. भांडण नाही, रडणं नाही. स्वयंपाक करायचा, वाढायचं आणि बंद टीव्हीसमोर बसून राहायचं. एकदा मात्र म्हणाली, "मले एक डाव माह्या गावावरून जायचं हाय. पाण्यावरून."

"जाऊ ना! तिथं डोंगे भाड्यानं भेटतात," देवीदास म्हणाला.

हिरानं मान वर केली. "ढिवराची पोरगी भाड्याच्या डोंग्यात बसून माहेरी जाईन का?"

देवीदासही ढिवरच, पण बापापासून रेल्वेत. पाण्याशी संबंध नळापुरता. मुलगा भूषण रायपूरहून फोनवर ओरडला, "पापा, इस उमर में? किराये की ले लो ना!" देवीदासनं फोन ठेवून दिला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून त्यानं काम सुरू केलं. हुडको कॉलनीतल्या दुकानात मरीन प्लाय नव्हती, साधी कमर्शियल घेतली. ती पाण्यात टिकत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण आतून-बाहेरून रंग नीट चढवला की एका फेरीपुरती चालेल, असा त्याचा अंदाज. पण गडी लोखंडातला. वॅगनीचा पत्रा वाकला तर घण मारून सरळ करता येतो, फाटला तर वेल्डिंग. प्लायला घण मारून बघा बरं! इथं फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं एकमेकींना शिवायचं, मग सांध्यात रेझिन भरायचं. त्या उन्हात ते रेझिन डब्यातच दगड व्हायचं. खाली बसला की उठवेना, उठला की बसवेना. कितीदा त्याला वाटलं, मरू दे, आगीत घालावं सगळं.

शेजारच्या बेबीताई गेटातून विचारायच्या, "भाऊजी, कूलरसाठी हौद करून राहिले का?"

"हो बाई, हौदच," तो म्हणायचा. भांडायलाही अंगात जोर लागतो.

वल्हं तेवढं मनासारखं झालं. जुन्या दाराची सागाची चौकट पडली होती, तिच्यातून तासून काढलं.

शेवटी रंगाचे डबे उघडले, ब्रश हातात घेतला, तेव्हा हिरा हात पुसत बाहेर आली. डोंग्याभोवती फिरली. बोटानं सांधा दाबून पाहिला.

"रंग नका लावू," ती म्हणाली. "अगोदर पाणी पाजा लागते."

"काय?"

"नव्या डोंग्याले पाणी पाजतात. गोटे भरून बुडवून ठेवाचा. लाकूड फुगते, सांधे बसतात. रंग लावला तं पिईन कसं ते? बाबा म्हणत, जो डोंगा पोट भरून पेते, तो मंग नदीत पाणी मांगत नाही. मी काठावर राखण बसत होती, लहानपणी. बाबा गूळ-मुरमुरे देत."

ती बोलतच राहिली. देवीदास बघत राहिला. सागाच्या फळीचं ठीक आहे. ही प्लाय म्हणजे नुसते पापुद्रे, डिंकानं चिकटवलेले. अगदी ओठावर आलं होतं त्याच्या. पण हिरा हसत होती हो! बाप गेल्यापासून पहिल्यांदा हसत होती. त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"ठीक हाय," म्हणाला, "पाजू."

छोटा हत्ती टेम्पोत घालून डोंगा जवळच्या तलावावर नेला. हिरानं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, स्वतःच्या हातानं गोटे भरले. वल्हंही आत बांधलं, तेही पिऊ दे म्हणाली. डोंगा बुडबुड करत खाली गेला. मग ती रोज जाऊन काठावर बसायची आणि घरी येऊन बापाच्या गोष्टी सांगायची. देवीदास हूं हूं करायचा.

ज्या दिवशी डोंग्याला बांधलेला दोर ओढला त्या दिवशी तळ पाण्यातच राहिला. वर आल्या त्या तांब्याच्या तारा, दोन कडा आणि भिजलेल्या वहीसारखे सुटे झालेले पापुद्रे. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया आधी हसल्या, मग हिराकडे बघून पुन्हा कपड्यांकडे वळल्या.

"माह्यानं झालं का हे?" हिरानं विचारलं.

"नाही वो. मीच प्लाय हलकी आणली."

"खोटं बोलू नका. तुमाले मालूम होतं?"

देवीदास पायरीवर बसला.

"होतं."

"मंग थांबवलं कावून नाही मले?"

"तू बोलून राहिली होती ना," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

हिरानं तोंड फिरवलं. संपलं, त्याला वाटलं. आता ही पुन्हा त्या टीव्हीसमोर जाऊन बसणार. इतक्या महिन्यांचा शीण त्याच्या अंगावर एकदम आला.

ती उठली. गुडघाभर पाण्यात उतरून तिनं त्या चिंध्यांमधून वल्हं सोडवलं, पदरानं पुसलं, पायरीवर ठोकून बघितलं. साग होता, पाणी पिऊन जड झाला होता, बाकी तसाच.

"चाला," ती म्हणाली. "भाड्याच्याच डोंग्यात जाऊ. वल्हं तं आपलं हाय."