काचेवरचा दांडा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलालाही नाही. सांगायचं म्हटलं की लेथला तेल घालायचं आठवायचं, नाहीतर दळण आणायचं. सात वर्षं अशीच टाळली.

आणि सांगण्यासारखं तरी काय? एक पोलादी दांडा. वीतभर लांब, पेन्सिलीएवढा जाड. अ‍ॅक्रिलिकच्या रंगीत तुकड्याला भोक पाडायचं, आत पितळी नळी चिकटवायची, तो तुकडा या दांड्यावर ओवून लेथवर फिरवायचा आणि पटाशीनं हळूहळू उतरवत न्यायचा – झालं पेन. पण दांडा केसभर जरी वाकला, तरी पेनची एक बाजू पातळ होते. आणि पातळ बाजू तडकते.

मी जन्मभर मिलच्या वर्कशॉपात टर्नर होतो. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत छोटा लेथ बसवला. शेजारचे व्यंकटअण्णा, टॉवेलच्या मागावर चाळीस वर्षं काढलेले, आधी बघायला यायचे, मग शिकले. अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याला ते कांडी म्हणायचे, मागावरच्यासारखं. डोळे मिटून पेनच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे – माझ्या मापाला न सापडलेला उंचवटा त्यांच्या नखाला सापडायचा. दोन वर्षांत लोक माझ्या दारात येऊन विचारायला लागले, "अण्णांनी केलेलं हाय का?" माझ्या लेथवरचं पेन! लागलं का मला ते? इतकी वर्षं मी स्वतःला नाही म्हणत आलो. लागलं.

एका दुपारी दांडा माझ्या हातून शहाबादी फरशीवर पडला. पुसला, परत जागेवर ठेवला. पडण्याचं काही नाही हो, कोणाच्याही हातून पडतं. माझा गुन्हा तो नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांची मोरपंखी कांडी तडकली. मग दुसरी. मग तिसरी. ते दांडा काढून माझ्याकडे घेऊन आले.

"ओ टर्नरसाहेब, ह्यो वाकलाय का बघा की. आमाला काय कळतंय त्यातलं?"

मी दांडा काचेवर लोळवला. सरळ दांडा गुपचूप लोळतो. हा टकटक करत गेला. मधोमध त्याच्याखालून उजेड दिसला – मला. अण्णा काचेकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सरळ हाय," मी म्हणालो.

तिथं तरी थांबायचं! पण नाही – "हात हलतोय तुमचा, अण्णा. वय झालं की आता."

ते हसले. "चाळीस वर्षं मागावर नाचला, आता थरथरणारच की लेकाचा!" मग हात समोर धरून बराच वेळ बघत राहिले. हात हलत नव्हता. मला दिसत होतं. त्यांना मात्र मी सांगितलेलं दिसलं.

ते पुन्हा लेथवर आले नाहीत. मी नवा दांडा आणला, जुना लपवला. काही दिवसांनी बघितलं तर अण्णा चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते. मग धाकट्या नातीला उचलून घेणंही सोडलं – हातातून पडेल म्हणून. ती हात वर करून पायाशी उभी राहायची, आणि हे तिच्या डोक्यावरून नुसता हात फिरवायचे. मी शेजारच्या ओट्यावरून ते बघायचो. रोज. एक शब्द तरी बोललो का?

पुढं छातीचं दुखणं निघालं आणि ते अक्कलकोटला लेकीकडे गेले. मी भेटायला निघालो. वाकडा दांडा फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतला होता. एसटीत सबंध वाटेत एकच वाक्य घोकत होतो.

लेकीनं चहा दिला. अण्णांनी कप दोन्ही हातांत घेतला.

"बघा, हलतोय नव्हं?"

चहावर साधी लहरसुद्धा नव्हती. माझा हात पिशवीत होता, दांड्यावर.

"थोडा," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात ते गेले. घोकलेलं वाक्य अजून तसंच पाठ आहे – अण्णा, दांडा वाकडा होता आणि मला माहीत होतं. हात चांगला हाय तुमचा, मला माफ करा.