टेकडीवर माझीच ओटी भरली गेली

लोकांची दुःखं ऐकून घेणं हेच माझं काम, आणि गेल्या उन्हाळ्यात मला ऐकवेनासंच झालं. कान धड होते, मनच उठत नव्हतं. मी धारमधल्या एका दवाखान्यात समुपदेशक आहे. खोली एक, तीही लसींच्या खोक्यांबरोबर वाटून घेतलेली. आत कोणी रडत असलं की पुढचा दारातून डोकावून आपला नंबर विचारायचा. मधूनच गंधवानी, डही अशा आडगावांतली शिबिरं. सोबतची समुपदेशक नोकरी सोडून गेली, तिचे पेशंटही माझ्याकडे आले. एकदा एक बाई गेलेल्या मुलाबद्दल सांगत होती आणि मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करत होते. स्वतःची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. सोमवारी राजीनामा द्यायचा, असं ठरवूनच देवासला माहेरी आले.

आईने देवीची ओटी भरायला टेकडीवर पिटाळलं. श्रद्धाही तेव्हा थकलेलीच होती. तिथे दोघी बहिणी देवी आहेत; थोरल्या मातेचं दर्शन झालं, धाकटीकडे जाताना कठड्याशी टेकले ती उठवेचना. शेजारी बसलेल्या एका अनोळखी काकूंनी विचारलं, काय होतंय? आमच्या धंद्याची खोड बघा, मी उलट त्यांनाच म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

काकू हसल्या. "अगं बेटा, पूछतेय मी. तू बता ना."

मग बांध फुटला. काकूंनी मध्ये तोंड घातलं नाही, उपदेश केला नाही, नुसता माझा हात धरून ठेवला. असं ऐकणारं माणूस मी फार कमी पाहिलंय. शेवटी देवीकडून परत मिळालेला आपला नारळ नि मूठभर तांदूळ त्यांनी माझ्या पदरात घातले, कुंकू लावलं. म्हणाल्या, "आई बसलीय ना इथे. सगळ्यांचं तूच कशाला उचलतेस?" मी डोळे पुसेपर्यंत त्या गर्दीत निघूनही गेल्या.

सोमवारी राजीनामा द्यायला दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांपुढे उभी राहिले, तर तोंडातून भलतंच निघालं. माझंही ऐकणारं कोणीतरी हवं, असं म्हणून बसले. चहालाही कधी न उठणाऱ्या त्या माणसाने पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मुझे भी, मॅडम."

आता शनिवारी दुपारी आम्ही थोडा वेळ दार लावून बसतो. एक बोलतो, दुसरा ऐकतो. गर्दी तेवढीच आहे, खोलीही तीच. काकूंना देवीने पाठवलं का, हे मी विचारत बसत नाही. घरी निघताना फक्त देवीला हात जोडते. आई, तुझं ओझं मी माझं समजून वाहत होते. ते तू परत मागून घेतलंस, एवढी कृपा मला पुरे आहे.