एक पातं, चार मुठी: सोलापूर ते सांगोला

ताईचा फोन आला तेव्हा मी पार्किंगच्या कोपऱ्यातल्या माझ्या टेबलावर एका घडीच्या चाकूला कानस लावत बसलो होतो. चाकू करणं हा माझा धंदा नाही. आठवडाभर पुण्यात विम्याच्या ऑफिसात बसायचं आणि रविवारी पोलाद घासायचं, एवढंच.

"ह्यांच्यासाठी एक कर की," ताई म्हणाली. "डाव्या हातात बसंल असा."

ताईला सांगोल्याजवळ दिलंय. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, आता तिची बोलीही तिकडचीच झाली आहे. दाजींची डाळिंबाची बाग आहे, पंधरा-वीस मेंढरं आहेत. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव आहे ते गुटी कलमासाठी. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडायची, तिच्यावरून बोटभर रुंदीची सालीची अंगठी काढायची, तिथं ओलं शेवाळ लावून प्लास्टिक गुंडाळायचं. दीड-दोन महिन्यांत मुळ्या फुटतात, मग फांदी कापून नवं रोप तयार. साल काढताना आतल्या लाकडाला धक्का लागू द्यायचा नाही, ही त्यातली खरी मेख. गेल्या साली कडबा कुट्टीच्या यंत्रात दाजींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून ते बांधापर्यंत जातात आणि तिथूनच परततात, असं ताई म्हणाली.

पातं माझ्याकडे तयार होतं. प्रश्न मुठीचा होता. लोक चाकू घेताना पात्याचं पोलाद विचारतात. मूठ रंग बघून निवडतात. हातात मात्र दिवसभर मूठच असते. मी स्क्रूनं बदलता येतील अशा मुठीच्या पट्ट्यांच्या तीन जोड्या केल्या: पितळेची, शिसवाची आणि म्हशीच्या शिंगाची. चौथी कापडाची करायची होती. सुती कापडाचे थर एपॉक्सी गोंदात भिजवून दाबून ठेवले की फळीसारखं घट्ट होतं आणि ओल्या हातातही सटकत नाही. कापड पुण्यातही मिळतं, आणि सांगोल्याला जायला सोलापूर वाटेवर लागत नाही, हे दोन्ही मान्य. पण माझं बालपण सोलापुरात गेलं, शाळेतला मित्र श्रीनिवास अजून तिथं आहे, आणि ऑगस्टात मला रजा उरली होती.

पुणे-सोलापूर रस्त्याबद्दल नवं लिहिण्यासारखं काही नाही. चौपदरी आहे, टोलनाके आहेत, भिगवणपाशी थांबलात तर मासे खा, नाहीतर इंदापूरपर्यंत दम धरा. पहाटे निघालात तर जेवायला सोलापुरात पोचता. चाकू आणि हत्यारं पेटीत घालून डिकीत ठेवावीत. नाक्यावर कुणी विचारलंच, तर पेटी उघडून दाखवायला सोपं जातं.

नवी पेठेत गाडी नेऊ नका. बाहेर लावा आणि चालत जा, नाहीतर रिक्षा करा. मी आणि श्रीनिवास तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानदारानं चादरींची थप्पी समोर टाकली आणि विचारलं, "डबल पायजे का सिंगल?"

"चाकूच्या मुठीला पाहिजे," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे न बघता श्रीनिवासकडे बघितलं. "पाव्हणे बाहेरचे हायेत का?"

"हितलेच," श्रीनिवास म्हणाला. "बिघडलेत."

अडचण अशी होती की नव्या कापडात खळ असते. ती असली की एपॉक्सी आत मुरत नाही. आम्ही एक चादर घेऊन घरी गेलो. श्रीनिवासचं कुटुंब तेलुगू विणकरांचं. घरामागच्या शेडमध्ये चार यंत्रमाग अजून चालतात. त्याच्या आईनं, म्हणजे अम्मांनी, सगळं ऐकून घेतलं, मुलाला तेलुगूत काहीतरी सुनावलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "नवी कशाला कापता ओ? जुनी आहे की. धुऊन धुऊन सगळी खळ गेली तिची."

लाल आणि काळ्या पट्ट्यांची चादर होती, मधोमध विरलेली. कडेचा भाग धड होता, तो आम्ही कापला. गच्चीवर वर्तमानपत्र अंथरून एकेक तुकडा एपॉक्सीत बुडवला, एकावर एक रचला, दोन फळ्यांमध्ये घालून चारी बाजूंनी शिकंजे आवळले. हातमोजे घाला, आणि घरात करू नका. वासानं अम्मांनी दोनदा जिन्यात येऊन नाकाला पदर लावला. रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. बाहेर जेवायचं असेल तर सोलापुरात खानावळी भरपूर आहेत, दोनेकशे रुपयांत पोट भरतं. पण घरी जेवायचं आमंत्रण असेल तर खानावळीत जाऊ नका.

दुसरा दिवस कापड सुकण्यात गेला. मी सिद्धेश्वराचं तळं आणि भुईकोट किल्ला बघितला. दोन्ही लहानपणी मोठी वाटायची. किल्ला अजूनही मोठा आहे. येताना शेतीच्या दुकानातून, ताईनं फोनवर सांगितलेलं निर्जंतुकीकरणाचं औषध घेतलं. डाळिंबावर तेल्या रोग येतो आणि एका झाडाचा दुसऱ्याला लागतो, म्हणून प्रत्येक झाडानंतर चाकू त्या औषधात बुडवावा लागतो. वास आपल्या फरशीच्या ब्लीचसारखाच. पितळेचा, शिसवाचा आणि शिंगाचा एकेक तुकडा मी वाटीत बुडवून संध्याकाळपर्यंत ठेवला. पितळ काळं पडलं. शिसवाचा तुकडा फिकट होऊन त्याचे तंतू उभे राहिले. शिंग बुळबुळीत झालं, साबण हातात धरावा तसं. कापडाची फळी तोवर घट्ट झाली होती. तिचा तुकडा बुडवला, तो जसा गेला तसा बाहेर आला.

मागांच्या खडखडाटात, तोंडाला मास्क बांधून, शेडच्या दारात बसून मी मूठ घासली. घासल्यावर कापडाचे थर लाकडाच्या शिरांसारखे दिसतात. अम्मांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली. "एवढी वर्षं अंगावर घेतली," त्या म्हणाल्या, "आता बागेत जाऊ दे."

तिसऱ्या दिवशी मंगळवेढ्यावरून सांगोला. रस्ता उत्तम आहे, वळणंही फारशी नाहीत. आभाळ भरलेलं होतं आणि पाऊस नव्हता. त्या भागात ऑगस्ट बहुतेक असाच जातो. सांगोल्यात डाळिंबाच्या हंगामात गेलात तर बाजारात एक चक्कर मारा, पण विकत घ्यायचं तर ओळखीनं थेट बागेतून घ्या.

"या पाव्हणं," दाजी ओट्यावरूनच म्हणाले. उजवा हात त्यांनी टॉवेलाखाली घेतला होता. चहा झाला, मेंढरांची चौकशी झाली. मी पेटी उघडली तशी ते उठून उभे राहिले.

"डाव्या हातानं जेवत न्हाय मी. कलम कसं करू?"

"बघा तरी हातात घेऊन," मी म्हणालो.

ताई आतून आली. तिनं शेवाळाची पाटी, प्लास्टिक, सुतळी आणि औषधाचा डबा उचलला आणि बागेकडं चालू लागली. मी तिच्या मागोमाग निघालो. बांधाशी पोचल्यावर वळून बघितलं, तर दाजी येत होते. ताईनं वळून बघितलं नाही, पण तिची चाल मंदावली.

पहिल्यांदा पितळेची मूठ लावली. दाजींना डाव्या अंगठ्यानं पातं उघडेना. त्यांनी सरळ दातात धरून ओढलं.

"अवो, दात!" ताई ओरडली.

"हे मापाचं वजन हाय का चाकू?" त्यांनी तो तळहातावर खालीवर केला आणि परत दिला. शिसवी त्यांना आवडली. शिंग त्याहून आवडलं. त्यांच्या वडलांच्या चाकूला शिंगाचीच मूठ होती म्हणे. पण औषधानं ओल्या झालेल्या हातात ती फिरली, आणि पातं सालीवरून घसरलं. मग कापडाची लावली. दाजींनी हात डब्यात बुडवून ती धरली, मूठ आवळली, सोडली, परत आवळली.

"ही सटकत न्हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं काम.

त्यांनी फांदी निवडली. पहिला काप गोल फिरला, छान. दुसरा काप घालताना डाव्या हाताचा दाब जास्त झाला, पातं लाकडात रुतलं आणि फांदी मान टाकून लटकली. दुसऱ्या फांदीचंही तेच झालं. तिसरी फांदी त्यांनी धरली, तिच्याकडे जरा वेळ बघितलं, मग चाकू औषधात बुडवला आणि मूठ पुढं करून ताईला दिला.

ताईनं तो घेतला. एक काप, दुसरा काप, मधे एक उभी चीर, आणि नखानं सालीची अंगठी सोलून काढली. आतलं लाकूड पांढरं, गुळगुळीत, कुठं ओरखडा नाही. दाजींनी अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांत शेवाळ धरून त्याचा गोळा त्या जागेवर बसवला, प्लास्टिक गुंडाळलं, सुतळीचं एक टोक दातात धरून गाठ मारली. दोघं पुढच्या झाडाकडे सरकले.

मी डबा उचलून मागं गेलो. "तू कधी शिकलीस?"

"आवंदा. सगळी गुटी मीच बांधली की. भाजीच्या सुरीनं." तिनं पुढची फांदी वाकवली. "ती मधेच बोथट व्हायची."

"मग फोनवर सांगायचं ना. तुझ्याच हाताच्या मापाची मूठ केली असती."

"त्यांच्यासाठी चाकू आला तर ते बागंत येतील म्हणून तसं सांगितलं." ती हळूच म्हणाली, पण दाजींनी ऐकलं असावं. थोड्या वेळानं त्यांनी ताईचा चाकू धरलेला हात मनगटाला धरून माझ्यासमोर केला. चारचौघांत त्यांनी तिचा हात कधी धरलेला मी पाहिला नव्हता, आणि ताईलाही ते नवं असावं, कारण ती दुसरीकडं बघू लागली.

"हे बगा पाव्हणं. करंगळी पोचत न्हाय तिची. मूठ जाड हाय. हितनं खाली उतरवा." त्यांनी नखानं रेघ मारली. "आन् हितं अंगठ्याला खळगा द्या. तिचा हात माज्यापेक्षा हलका हाय. दाब कमी लागतो."

दुपारभर ओट्यावर बसून मी मूठ घासून उतरवली. दाजी शेजारी बसून दर थोड्या वेळानं ताईला आतून हाक मारायचे, तिनं पीठ लागलेल्या हातानं येऊन मूठ धरायची, ते "आनखी थोडी" म्हणायचे. चौथ्या-पाचव्या खेपेला ती वैतागली. "भाकरी करपली माजी. हाय ती बास झाली." त्यावरून मूठ बरोबर झाल्याचं ठरलं.

संध्याकाळी दाजी गोठ्याच्या आढ्यावरून एक मेंढ्याचं शिंग घेऊन आले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एडका मेला, त्याचं. वाळून खडखडीत झालेलं, आडव्या वळ्यांचं. "ह्याचं मला एक करा. खिशात ठेवायला."

"शिंग औषधाला चालणार नाही, दाजी."

"औषधात कशाला बुडवीन? पेरू कापायचा, सुपारी कापायची. पेरू खायाला दोन बोटं कमी पडत न्हाईत."

परतताना महूद, वेळापूर, नातेपुते, फलटण असा आलो. हा रस्ता आता इतका रुंद झालाय की मधली गावं लक्षातच राहत नाहीत. वेळापूरला जुनं दगडी देऊळ आहे, त्यासाठी मुद्दाम थांबावं. सावली चांगली आहे आणि समोर चहा मिळतो.

मुठीबद्दल विचारणारे बरेच असतात, म्हणून लिहून ठेवतो. चाकू खिशात मिरवायचा असेल तर शिंग घ्या, पण ते पाण्यापासून आणि कडक उन्हापासून जपा, तेलाचं बोट फिरवत राहा. शिसवी सगळ्यात उबदार, रोजच्या फळाफुलाला उत्तम. पितळ दिसायला देखणं, पण उन्हात तापतं आणि खिसा ओढतं. ओल्या हातानं, औषधात, मातीत काम करायचं असेल तर कापडाची. आणि मूठ घासायला घेण्याआधी काम कोण करतं ते विचारा. मी ते विचारलं नव्हतं.

मेंढ्याचं शिंग गरम करून सपाट करायला मला तीन रविवार लागले, आणि पहिला तुकडा तडकला. दुसरा जमला. तो चाकू कुरिअरनं पाठवला.

दसऱ्याच्या सुमारास ताईचा फोन आला. प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसायला लागल्या होत्या, थोडी गुटी वाया गेली, बरीच जगली. रोपवाटिकेचा माणूस गुटी बघून गेला होता.

"त्यानं ह्यांना विचारलं," ती म्हणाली, "बोटं गेल्यावरबी एवढं साफ काम कसं जमलं म्हणून."

"मग? काय सांगितलं दाजींनी?"

ताई हसत होती. तिला नीट बोलता येईना. मग म्हणाली, "म्हणाले, काप तिचा हाय. गाठ तेवढी माजी."