भावाच्या धंद्याचा कणा

थोरल्या भावाने डॉक्टरीणबाईंसमोर तिच्याकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांच्या नव्या दवाखान्याची नुकतीच बसवलेली फरशी फोडली जात होती. पाइप तपासण्याआधीच फरशी बसवायचं फर्मान त्याचंच. तिने अडवलंही होतं. "आधी काय नि नंतर काय, एवढंही हिला कळत नाही," तो म्हणाला, आणि तिला धंद्यातून बाहेर काढलं. वडिलांनी दोघांच्या हवाली केलेली, फर्निचरपासून फरशीपर्यंत दुकानं-दवाखाने सजवून देणारी कार्यशाळा त्याच्या एकट्याच्या घशात गेली.

ती रडली नाही. तिने प्रकल्प व्यवस्थापनाच्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंची हयात पूल बांधण्यात गेली होती. "कामांची जंत्री म्हणजे आराखडा नव्हे," त्या सांगत. "काही कामं लांबली तरी चालतात. काही जरा सरकली, की सगळं कोलमडतं. ती ओळखा."

सरावाला कुणी दुकान उघडायचं घेतलं, कुणी घर बांधायचं. ती म्हणाली, "मला एक कार्यशाळा बंद पाडायची आहे."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "मग ती कशावर उभी आहे, ते आधी बघ."

बघायला वेळ लागला नाही. सगळा डोलारा सुतारमिस्त्रीवर होता. मापं त्याची, माणसं त्याची, आणि भावाच्या शिव्याही त्यालाच. तिने स्वतःचं छोटं काम सुरू केलं, ते रुळल्यावर मिस्त्रीला बोलावलं. नियमित पगार आणि कामाचा क्रम ठरवताना त्याचा शब्द, एवढंच देऊ केलं. तो आला. पाठोपाठ त्याची माणसंही आली.

भावाची कामं एकामागून एक रखडली. गिऱ्हाइकं तुटली. शेवटी तो तिच्या दारात आला.

"हातातलं काम संपेपर्यंत तरी मिस्त्रीला दे."

"आधी डॉक्टरीणबाईंना फोन कर. फरशी कुणी बसवायला लावली ते सांग. माझ्यासमोर."

त्याने फोन लावला. शब्द चघळत का होईना, सगळं कबूल केलं. ती एकेक शब्द कान देऊन ऐकत होती. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"आता दे."

"मिस्त्रीलाच विचार. त्याला यायचं असेल तर माझी ना नाही."

मिस्त्रीने रंध्यावरून हात न उचलता मान हलवली. नाही.

कार्यशाळा विकायला निघाली. वहिनीने बोलणं टाकलं. आई म्हणाली, "झालं तुझं समाधान?" भावाचं मोठं करवतयंत्र मात्र तिने मिस्त्रीला पाठवून विकत घेतलं. गरज नव्हती, जागाही नव्हती. ते दाराशीच उभं आहे, आणि आत जाताना तिला रोज अंग चोरावं लागतं.