वादळाच्या आधी की नंतर

ऐंशीच्या दशकात मी बंगळूरला संशोधन करत होते. विषय सांगितला की मालवणातली माणसं जेवलीस का म्हणून विचारत. एकमेकांपासून लांब ठेवलेले, तारेनं जोडलेले कॉम्प्युटर. प्रत्येकाचं घड्याळ स्वतःचं, एक जरा पुढे, दुसरं जरा मागे. इथे एक गोष्ट घडते, तिथे दुसरी. त्यातली आधीची कुठली? घड्याळं विचारून उपयोग नसतो. मग बघायचं ते एवढंच, की कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीशिवाय घडूच शकली नसती. निरोप पोचला असेल तर त्याआधी तो कुणीतरी धाडलेला असणार. इतक्या साध्या आधारावर सगळा क्रम उभा करायचा.

घरात हे सगळं खोदून खोदून विचारणारे एकच होते, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भावोजी मालवणच्या शाळेत गणित शिकवायचे. मी सुट्टीत आले की ते पडवीत पाट टाकून बसत आणि म्हणत, "हां, आता सांग. त्या यंत्रांचा भांडण मिटला की नाय?"

दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा चुलतभाऊ होडी घेऊन देवगडला निघाला. तिथे त्यानं जुनं इंजिन ठरवलं होतं. भावोजींना इंजिनातलं थोडंफार कळायचं, म्हणून तेही सोबत गेले. समुद्र फिरला. त्या वादळात किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्या गेल्या. चुलतभावाचं प्रेत आचऱ्याच्या वाळूत मिळालं. भावोजी मिळाले नाहीत.

तार मिळाल्यावर मी बेळगावपर्यंत रेल्वेनं आणि पुढे आंबोलीच्या घाटातून एसटीनं आले. सावंतवाडीला गाडी बदलताना मी मनाशी ठरवलं होतं की ताईजवळ गेल्यावर काहीच बोलायचं नाही, नुसतं बसायचं. पण घरात पाऊल टाकलं तर ताई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र.

"ते आसत," ती म्हणाली. "देवगडच्या स्टँडवरच्या चायवाल्यान त्येंका बघल्यान. वादळ झाल्यावर."

ही बातमी एका एसटी ड्रायव्हरनं आणली होती. चहावाला भावोजींना ओळखत होता. ते कधीही देवगडला गेले तरी त्याच्याकडेच चहा घ्यायचे. वादळानंतर मास्तर माझ्याकडे चहा पिऊन गेले, असं तो छातीवर हात ठेवून सांगत होता. घरात त्यावर एक आशा उभी राहिली होती. ते होडीत बसलेच नसतील. भाऊ गेल्याचं कळून मनाला धक्का बसला असेल, तोंड दाखवायला लाजत असतील, कुठल्यातरी देवळात राहिले असतील. सासूबाई दुपारी त्यांच्यासाठी ताट झाकून ठेवायच्या. आचऱ्याला चुलतभावाच्या घरात प्रेत आलं होतं, तिथे मात्र दोघंही गेले असंच धरून चालले होते. एकाच कुटुंबाच्या दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी खऱ्या होत्या.

"तू चल माझ्यावांगडा," ताई मला म्हणाली. "तू शिकलेली. तू त्येका नीट इचार, पुढे खंय गेले ते."

मालवणहून आम्ही देवगडची पहिली गाडी धरली. वाटेत माड आडवे पडलेले, विजेच्या तारा लोंबत होत्या. ताई खिडकीशी बसली होती आणि प्रत्येक थांब्यावर उतरणाऱ्या-चढणाऱ्या माणसांकडे वाकून बघत होती.

चहावाला पन्नाशीचा, बोलका माणूस. ताईला बघून त्यानं आधी बाकडं पुसून दिलं. मग सांगायला लागला. मास्तर आले, चहा घेतला, इंजिन होडीत चढवलंय म्हणाले, दर्या वायच निवळला की सुटतो म्हणाले.

"ह्या कधीचा?" मी विचारलं.

"वादळ झाला त्येच्या दुसऱ्या दिसाक. माका पक्की याद आसा. रात्रभर लाइट नाय होती."

तो खोटं बोलत नव्हता. दिवस विचारला असता तर त्यानं तोही ठामपणे सांगितला असता. माझ्या कामाची सवय म्हणा, मी दिवस विचारला नाही.

"ते बसले खंय होते?"

"हयच. ह्या बदामाखाली. सावलीक."

मी वळून बघितलं. टपरीच्या बाजूला बदामाचा करवतीनं कापलेला बुंधा होता, ताजा, लालसर. फांद्या तोडून रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवल्या होत्या. टपरीवरचा पत्राही नवा होता.

"झाड कधी पडला?"

"वादळातच पडला मगे. टपरीवरच इला. आठवडाभर बंद होती टपरी."

त्यानं स्वतःच्या तोंडानं हे सांगितलं आणि चहाची किटली हातात धरून तो तसाच उभा राहिला. त्याच्या लक्षात आलं ते मला दिसलं. मलाही थांबता आलं नाही. मी विचारलं, "मग ते झाडाखाली कसे बसले?"

त्यानं किटली खाली ठेवली. मग हळूहळू उलगडा झाला. देवगडला दोनदा वारा सुटला होता. पहिल्यांदा सुटला तेव्हा लाइट गेली, कौलं उडाली, आणि त्यालाही तो वादळच म्हणत होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर आले. मोठं वादळ त्यानंतरचं. मालवणात पहिला वारा पोचलाच नव्हता, त्यामुळे आमच्याकडे वादळ हा शब्द एकाच गोष्टीसाठी होता. इंजिन चढलेलं होतं, होडी सुटायची होती. भावोजी चहा पिऊन गेले ते होडीवरच.

"बाय, माका माफ कर," चहावाला ताईला म्हणाला.

ताई उठली आणि रस्ता ओलांडून मालवणच्या गाडीत जाऊन बसली. गाडी सुटायला अजून वेळ होता. मी तिच्याशेजारी बसले. तिनं हात मांडीवर ठेवले होते. त्यांवर पीठ वाळलेलं होतं, सकाळी भाकऱ्या करूनच ती निघाली होती. गाडी सुरू झाल्यावर ती म्हणाली, "तू इचारलंस कित्याक गो?"

"ताई, तूच म्हणालंस—"

"पुढे खंय गेले ते इचार म्हटलंय." आणि थोड्या वेळानं, अगदी खालच्या आवाजात, "माका आजून थोडे दीस होये होते."

घरी सासूबाईंना मीच सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, झाकलेलं ताट उचललं आणि मागच्या परड्यात कावळ्यांना घातलं.

देह नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा देह करून अग्नी दिला. भटजींनी तिथी विचारली. तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण शोध मी लावला होता. चहानंतर होडी सुटली आणि होडी सुटल्यानंतर ते गेले, एवढंच मला माहीत होतं. त्याच संध्याकाळी सुटले की दुसऱ्या दिवशी पहाटे, आचऱ्याच्या अलीकडे बुडाले की पलीकडे, दोघं एकदम गेले की एकानं दुसऱ्याला जाताना पाहिलं, यातलं काहीच कळण्यासारखं नव्हतं. माझ्या शास्त्रात अशा गोष्टी सोडून देतात. क्रम लागत नसेल तर लागत नाही म्हणून लिहायचं आणि पुढे जायचं. यंत्रांचं काही अडत नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मगे अमावास्या धरा," सासूबाई म्हणाल्या.

ताईनं मंगळसूत्र स्वतःच काढलं, कुणाला हात लावू दिला नाही. बायका जमल्या होत्या, त्यांना तिनं बाहेर बसवलं. मला आत बोलावलं नाही.

मी बंगळूरला परतले. काम पुरं व्हायला आणखी बराच काळ लागला. ताईला शाळेच्या ऑफिसात नोकरी मिळाली आणि भावोजींच्या जुन्या सहकाऱ्यांशी ती ऑफिसातलं प्रमाण मराठी बोलायला लागली. माझ्याशीही तेच बोलायची. "प्रवास ठीक झाला का तुझा?" म्हणायची. मालवणी ती सासूबाईंशी बोलायची, मांजराशी बोलायची. मी आले की वाढायची, अंथरूण घालून द्यायची. कसली कुचराई नाही.

दरवर्षी त्या अमावास्येला मी रजा काढून येते. ताई वाडी, म्हणजे भावोजींच्या नावानं वाढलेलं पान, उघड्यावर नेऊन ठेवते आणि आम्ही दोघी पायरीवर उभ्या राहतो. कावळा लवकर शिवतो की उशिरा, यावर आम्ही कधीच काही बोललो नाही.